काटकसरीचं अस्तर

गोधडी शिवणाऱ्या बाईचा वाढदिवस जवळ आला की घरातल्या माणसांपुढे प्रश्न उभा राहतो, तिला द्यायचं काय? साडी दिली तर ती पदर पाहण्याआधी काठाची रुंदी बोटांनी मोजते, आणि ही नेसण्यासाठी नाही हे तिथेच ठरतं. कापड दिलं तर ते तिच्याकडच्या कुठल्याही कापडाशी जुळत नाही, म्हणजे मग त्याच्याशी जुळणारं आणखी चार प्रकारचं कापड आणणं आलं. चांगली कात्री दिली तर आठवड्याच्या आत घरातलं कुणीतरी त्याच कात्रीने दुधाची पिशवी कापतं, आणि भांडणाला वर्षभर पुरेल असा विषय मिळतो. तयार गोधडी विकत आणून देणारे शूर लोकही असतात. त्यांच्याबद्दल अधिक न बोललेलं बरं. शेवटी सगळे मिळून स्वतःची समजूत काढतात, की जाऊ दे, हिला काही लागतच नाही, ही बिचारी उरल्यासुरल्या कापडातून सगळं करते. चूक नेमकी इथे होते. उरल्या कापडाची गोधडी म्हणजे काटकसर, असं घरच्यांना वाटतं, शेजाऱ्यांना वाटतं आणि सोयीचं असल्यामुळे खुद्द शिवणारीलाही वाटतं. माझं म्हणणं असं, की शिल्लक कापडाची गोधडी शिवल्याने घरातलं शिल्लक कापड कमी होत नाही, वाढतं. आणि ते अपघाताने वाढत नाही. शिल्लक कापड ही कपाटात सापडणारी वस्तू नाहीच. ती मेहनतीने, आणि बहुतेक वेळा पैसे खर्चून, तयार करावी लागते.

आधी हिशेब मांडू, कारण या विषयात हिशेब कुणी मांडत नाही म्हणूनच घरं सुखात चालली आहेत. क्विल्टिंगच्या रूढ रीतीप्रमाणे दोन तुकडे जोडताना प्रत्येकाच्या कडेचं पाव इंच कापड शिवणीत जातं. त्याला शिंपी माया म्हणतात. (संतही माया सोडायला सांगतात आणि शिंपीही, फक्त शिंप्याला ती कापडावर सोडलेली हवी असते.) आता गोधडीवर एक इंचाचा चौकोन दिसायला हवा असेल तर दीड इंचाचा कापावा लागतो. म्हणजे सव्वादोन चौरस इंच कापड लावायचं, एक चौरस इंच दाखवायचं आणि सव्वा चौरस इंच शिवणीच्या पोटात घालायचं. ६० बाय ९० इंचांच्या एकेरी गोधडीला असे ५,४०० चौकोन लागतात, आणि त्यांच्या शिवणींत मिळून ६,७५० चौरस इंच कापड गडप होतं. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात मोजलं तर सव्वाचार वार. नऊवारी लुगड्यातलं निम्मं म्हणा ना, आणि तेही कुणाच्याही नजरेला न पडता. याउलट अख्खं कापड अंथरलं असतं तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने त्याच गोधडीचा वरचा थर साडेतीन वारांत झाला असता. चौकोन मोठे घेतले तर हा तोटा घटतो हे खरं. पाच इंचांचा चौकोन कापला तर जेमतेम पाचवा हिस्सा शिवणीत जातो. पण गोधडीवाल्यांच्या जगात मान लहान तुकड्यांना असतो. जिचे चौकोन बारीक, तिची गोधडी पाहायला बायका चष्मा पुसून येतात.

हे झालं वरच्या थराचं. त्याला खाली अस्तर लागतं, आणि अस्तरही तुकड्यांचं करण्याइतका धीर फार थोड्यांना असतो, म्हणून ते बहुधा दुकानातून येतं. तेही चारी बाजूंनी चार-चार इंच मोठं, कारण टाके घालताना थर सरकतात. म्हणजे झालं ६८ बाय ९८ इंच. दुकानातलं कापड ४४ इंच पन्ह्याचं. त्याचे ९८ इंचांचे दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की रुंदी होते ८८ इंच, आणि हवी असते ६८. उरते ती २० इंच रुंद आणि पावणेतीन वार लांब पट्टी. नवीकोरी, अंगाला न लागलेली. ही पट्टी टाकून देणारी बाई गोधडी शिवणारी नव्हे, हे लक्षण कोणत्याही शास्त्रात घालावं. पट्टी डब्यात जाते. कडेच्या गोटासाठी आणलेल्या कापडातला उरलेला हातभर तुकडा तिच्या सोबतीला जातो. त्रिकोण जोडताना कापून टाकलेले नखाएवढे कोपरेसुद्धा एका बरणीत साठतात; त्यांचं काय करायचं हे ठरलेलं नसतं, पण ते टाकायचे नाहीत हे ठरलेलं असतं. डबा भरला की तो रिकामा करण्याच्या पवित्र हेतूने पुढची गोधडी सुरू होते आणि तिच्यासाठी पुन्हा अस्तर आणावं लागतं.

यावर पहिला आक्षेप आजीच्या नावाने घेतला जातो. आजी स्वतः काही म्हणत नाही; तिच्या वतीने नातवंडं म्हणतात की आमच्या आजीने कधी एक पैशाचं कापड विकत आणलं नाही आणि घरभर गोधड्या होत्या. अगदी बरोबर. पण आजीच्या गोधडीत उरलेलं कापड नव्हतंच, जुनेर होतं. नेसून, धुऊन, दगडावर आपटून विरलेली लुगडी आणि धोतरं, एकावर एक थर, आणि कडेपासून आत-आत सरकत जाणारा धावदोरा. वरच्या थराला त्यातलं जरा धड लुगडं. बाळाच्या दुपट्याला सगळ्यात जुनं, कारण ते सगळ्यात मऊ. ती वाकळ फाटली की पुढच्या वाकळीच्या पोटात जायची, तीही फाटली की तिचं पायपुसणं व्हायचं, आणि पायपुसण्याचं काय व्हायचं ते चुलीला माहीत. या सगळ्या प्रवासात कापड उरायला जागाच नव्हती. मुळात ज्या समाजात कापड मागावरून उतरतं तसंच अंगाभोवती गुंडाळतात, तिथे कात्रण होणार कुठून? लुगडं, धोतर, उपरणं, पागोटं, शेला, घोंगडी, यांपैकी कशालाही कात्री लागत नाही. एक चोळी तेवढी शिवायची, तर तिचा खण चोळीपुरताच विणलेला. कात्रण जन्माला येतं ते बाही, कॉलर आणि काखेच्या गोलव्यातून. माणसाचं अंग गोल आणि कापड चौकोनी या जुन्या भांडणातून. आयझॅक सिंगरने १८५१ साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, त्यानंतर हे भांडण घरोघर पोचलं. तेव्हा आजीला या खटल्यात साक्षीदार म्हणून बोलावता येईल, आरोपी म्हणून मुळीच नाही. तिच्याकडे ठिगळं होती, पण ठिगळ भोकावर बसायचं. ठिगळ छान दिसेल म्हणून धडक्या कापडाचे तुकडे करायची कल्पना तिला ऐकवली असती तर तिने आधी ऐकवणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता, मग आपल्या.

शिल्लक कापड तयार करावं लागतं, या मुद्द्याला पुराणातला आधार हवा असेल तर तो मराठी माणसाला पाठच आहे. श्रीकृष्णाचं बोट कापलं, चिंधी हवी होती. सख्खी बहीण सुभद्रा. तिच्या घरी शालू होते, पैठण्या होत्या, पण चिंधी काही सापडली नाही. मानलेल्या बहिणीने, द्रौपदीने, अंगावरचा भरजरी पितांबर फाडून दिला. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ चित्रपटात आचार्य अत्र्यांच्या गाण्याने ही गोष्ट घराघरात नेली आणि तेव्हापासून सुभद्रेला बोल लावण्याची प्रथा पडली. माझ्या मते सुभद्रेवर अन्याय झाला. तिने चिंधी शोधली, आणि शोधून चिंधी सापडत नाही हा व्यवहारातला साधा नियम आहे. (ज्या घरात चिंध्यांच्या तीन पेट्या आहेत त्या घरातही ऐन वेळी हवी ती चिंधी सापडत नाही.) द्रौपदीला खरी गोम कळली होती. चिंधी हवी असेल तर अखंड वस्त्र लागतं. आजच्या कुठल्याही क्विल्टरने द्रौपदीला आपली आद्य गुरू मानायला हरकत नाही. पदरचं चांगलं कापड फाडण्याचं धाडस आणि ते नात्यासाठी फाडलं असं सांगण्याची सोय, दोन्ही तिच्यापाशी होतं.

याहून भक्कम पुरावा भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात आहे. सुरुवातीला बौद्ध भिक्षू कचऱ्यातून आणि स्मशानातून वेचलेल्या चिंध्यांचं चीवर करत. पुढे जीवक वैद्याने विनंती केली आणि गृहस्थांनी दिलेली वस्त्रं घ्यायलाही बुद्धांनी परवानगी दिली. मग पंचाईत झाली. लोक भक्तीने नवं, अखंड, मोलाचं कापड देऊ लागले. मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेतं दाखवून बुद्धांनी आपल्या शिष्याला, आनंदाला विचारलं, अशा आकृतीचं चीवर करता येईल का? आनंदाने ते केलं. तेव्हापासून नियम असा, की चीवर तुकडे कापून, जोडूनच करायचं. म्हणजे दान आलेलं कापड कितीही नवं असो, ते आधी कापायचं आणि मग शिवायचं. कारण स्पष्ट होतं. तुकडे केले की कापडाला बाजारात किंमत राहत नाही, चोराला मोह होत नाही, आणि नेसणाऱ्यालाही होऊ नये अशी अपेक्षा. आपल्याकडे गाडगेबाबा चिंध्या जोडून अंगावर घालत म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. तिथेही चिंधी होती ती वैराग्याची. गंमत अशी, की जी युक्ती मोह सुटावा म्हणून काढली, त्याच युक्तीने पुढे जगभरच्या बायकांना कायमचा मोह लावला. मगधातल्या त्या शेतांची आकृती आज क्विल्टिंगच्या वर्गात फी घेऊन शिकवतात, वेगळ्या नावाने.

हा मोह अमेरिकेत कसा फुलला ते पाहण्याजोगं आहे, कारण काटकसरीची सगळ्यात लाडकी दंतकथा तिथलीच. जंगल तोडून घर बांधणारी, फाटक्या कपड्यांचे तुकडे जपून थंडीत मुलांना पांघरूण करणारी वसाहतीतली बाई हे चित्र तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असतं. इतिहासकारांनी जुन्या मृत्युपत्रांतल्या आणि मालमत्तेच्या याद्या तपासल्या तेव्हा निघालं भलतंच. त्या काळातल्या क्विल्ट बहुतेक सुखवस्तू घरांतल्या, आणि पुष्कळशा अखंड कापडाच्या. कापड महाग होतं, आणि महाग वस्तूचे तुकडे कुणी हौसेने करत नाही. आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरची छींट तर इतकी मोलाची, की तिच्यातली फुलं आणि पाखरं तेवढी कातरून साध्या कापडावर शिवायची, म्हणजे थोडक्यात पुष्कळ दिसे. तुकड्यांच्या गोधडीला बहर आला तो एकोणिसाव्या शतकात, गिरण्यांचं कापड स्वस्त झाल्यावर. म्हणजे तुकडे जोडायची वेळ टंचाईने आणली नाही, सुबत्तेने आणली. १८७६ साली फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं, तिथे जपानी वस्तूंची वेडीवाकडी नक्षी पाहून बायका भारल्या आणि पुढच्या दशकात रेशमी तुकड्यांच्या ‘क्रेझी क्विल्ट’ची साथ आली. या गोधड्यांना वेडेवाकडे रेशमी तुकडे लागायचे. ते घरात उरत नव्हते, कारण रेशीमच फारसं नव्हतं. मग मासिकांत जाहिराती येऊ लागल्या, पैसे पाठवा, आम्ही रेशमी कात्रणांचं पुडकं टपालाने पाठवतो. उरलेलं कापड दुसऱ्याच्या घरातून विकत आणून, आपल्या घरात उरल्यासारखं वापरायचं. काटकसर म्हणावी तर पैसे गेले, उधळपट्टी म्हणावी तर चिंध्या आल्या.

पिठाच्या पोत्यांची गोष्ट यापुढची. मंदीच्या काळात अमेरिकेतल्या खेडोपाडीच्या बायका पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या सुती पोत्यांचे कपडे आणि गोधड्या शिवत. शंभर पौंडांच्या पोत्यातून वारभराहून थोडं अधिक कापड निघायचं. इथपर्यंत ही खरीखुरी, सलाम करावा अशी काटकसर. पण पोती विकणाऱ्यांनी हे हेरलं आणि पोत्यांवर फुलं, पानं, ठिपके छापायला सुरुवात केली. झालं! गोधडीला तीच निळी फुलं आणखी वारभर हवीत म्हणून नवऱ्याला बाजारात पिटाळलं जाऊ लागलं. तो बिचारा दुकानात पोत्यांच्या थप्पीपुढे हातात कापडाचा नमुना घेऊन उभा, आणि हवं ते पोतं नेमकं सगळ्यात खाली. कोंबड्या काय खाणार हे गोधडीच्या रंगसंगतीवर ठरू लागलं. पोतं हे खाद्याचं उरलेलं, की खाद्य हे पोत्याचं, याचा निकाल लागण्याआधीच कागदी पिशव्या आल्या.

आता शेवटची पायरी. मोडा या अमेरिकी कंपनीने (हे नाव आहे, आज्ञा नव्हे) आयते कापलेले तुकडे विकायला आणले. अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी, तिचं नाव ‘जेली रोल’. दहा इंची चौकोनांची चळत, तिचं नाव ‘लेयर केक’. कारखान्यात ठाणाच्या ठाण कापड विणायचं, त्याचे यंत्राने तुकडे करायचे, रिबिनीने बांधायचे आणि ज्यांना तुकडे संपवायचे आहेत त्यांना विकायचे. यावर कुणी म्हणेल की यात वेळ वाचतो. वाचतो ना, आणि वाचलेल्या वेळात आणखी एक लेयर केक आणता येतो. एक फायदा मात्र कबूल केला पाहिजे. क्विल्टर बाईच्या वाढदिवसाला तिच्यापुढे ठेवता येईल, आणि मधुमेह असला तरी चालेल, असा हा एकमेव केक आहे. पण तो घरातल्या शिल्लक कापडात भर घालतो, घट नाही, कारण तो कापायला तिला धीरच होत नाही. रिबीन सोडली तर तुकडे विस्कटतील, म्हणून तो तसाच काचेच्या कपाटात राहतो.

परदेशाला नावं ठेवून आपण सुटू, असंही नाही. आपल्याकडे ब्लाऊजपीस आहे. जन्मतःच शिल्लक असलेलं असं दुसरं कापड जगात नसेल. हा मीटरभराहून आखूड तुकडा ओटीत येतो, हळदीकुंकवाला येतो, सत्यनारायणाला येतो, बारशाला जाताना निघतो आणि मुंजीला परत येतो. त्याचा रंग कुठल्याही साडीशी जुळत नाही, कारण तो साडीशी जुळवण्यासाठी विकत घेतलेलाच नसतो. डझनाच्या भावाने घेतलेला असतो. त्याचं ब्लाऊज शिवण्याचा विचार देणारीच्या मनात नसतो आणि घेणारीच्याही नसतो. दोघींमध्ये याबद्दल एक सभ्य करार असतो. अलीकडे या फिरत्या भांडवलाकडे गोधडीवाल्यांची नजर वळली आहे, आणि ही गोष्ट वरवर पाहता चांगली. पण ब्लाऊजपीस आयते तुकडे असले तरी अस्तर लागतंच, मधला थर लागतोच, आणि दोन पोपटी पिसांच्या शेजारी ठेवायला एखादा शांत रंग लागतोच, जो ओटीत कधीच येत नाही. तो आणायला बाजारात जावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टोलवून चालणार नाही. खरी गरज असलेल्या लोकांनी खऱ्या चिंध्यांतून गोधड्या केल्या, त्यांचं काय? अलाबामा नदीच्या वळणातलं जीज बेंड हे गाव त्याचं उदाहरण. गुलामांच्या वंशजांचं हे गाव, तिथल्या बायकांनी शेतात घालून विरलेल्या पँटी आणि शर्टांच्या गोधड्या शिवल्या. गुडघ्यावरचं विटकं कापड आणि खिशाखालचं न विटलेलं कापड शेजारी-शेजारी ठेवून. तिथे माझा नियम लागू पडत नाही, हे मान्य. शिल्लक वाढायला आधी शिल्लक असावी लागते. पण याच गावातली पुढची हकीकत ऐका. १९६६ साली या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली. १९७२ साली तिला सीअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवण्याचं काम मिळालं. उरलेलं कॉर्डरॉय घरोघर गेलं आणि त्याच्या गोधड्या झाल्या. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागलं, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. उशांचे अभ्रे कुठे गेले ते कुणालाही विचारावंसं वाटत नाही. आपल्या जवळ, उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या कवंदी शिवतात. गरिबी तिथेही खोटी नाही. तरी कवंदीच्या चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते म्हणे. त्या फुलांनी थंडी काडीचीही कमी होत नाही. जिथे चिंधीला मोल आहे, तिथेही चार चिंध्या निव्वळ शोभेसाठी बाजूला काढल्या जातात.

निर्भेळ काटकसर पाहायची असेल तर पानिपतला जावं. त्या गावाकडून नफ्याची बातमी ऐकायची मराठी कानांना सवय नाही, पण युरोप-अमेरिकेने टाकून दिलेले लोकरी कपडे तिथे येतात, बटणं-चेन काढून रंगाप्रमाणे वेगळे होतात, यंत्रात पिंजले जातात, त्यांचं सूत निघतं आणि स्वस्त ब्लँकेटं तयार होतात. पूर, भूकंप झाला की वाटली जाणारी ब्लँकेटं पुष्कळदा तिथलीच. टाकलेल्या कापडाचा याहून चोख उपयोग कुठल्याही गोधडीने केलेला नाही. पण पानिपतच्या ब्लँकेटावर कुणी आपलं नाव भरत नाही, ते भिंतीवर टांगत नाही, आणि ते पाहायला शेजारणी येत नाहीत. ऊब हाच हेतू असता तर ते ब्लँकेट किंवा एखादी सोलापुरी चादर आणून प्रश्न दहा मिनिटांत मिटला असता.

म्हणजे मग ही सगळी फसवणूकच म्हणायची का? फसवणूक म्हणणार नाही. मी तिला अस्तर म्हणेन. एखाद्या बाईने तीन महिने नुसते रंग शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यात घालवले तर घरचे डॉक्टर शोधतील. तिने सांगितलं की मी चित्र काढते आहे, तर विचारतील, विकलं जातं का? पण तिने म्हटलं की कापड वाया जातंय, तेवढी एक गोधडी करून टाकते, की सगळ्यांचे चेहरे निवळतात. त्या एका वाक्याखाली तीन महिने, सव्वाचार वार, नवं मशीन आणि अर्धं कपाट निर्धास्त झोपू शकतं. पुरुषांना ही युक्ती अवगत नाही असं कुणी समजू नये. गॅरेजमध्ये उरलेल्या लाकडाचं स्टूल करणारे गृहस्थ त्यासाठी आधी करवत, रंधा आणि ड्रिल विकत घेतात; पण त्यांच्या स्टुलाखाली बसून कुणाला ऊब येत नाही, म्हणून त्यांची बाजू थोडी लंगडी पडते.

या अस्तराच्या आत काय असतं, ते हॅरिएट पॉवर्स या बाईने दाखवून दिलं आहे. २९ ऑक्टोबर १८३७ ला जॉर्जियात, गुलामगिरीत तिचा जन्म झाला. तिने बायबलमधल्या कथांची चित्रं कापडाच्या तुकड्यांतून एका गोधडीवर मांडली. १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस-जत्रेत ती गोधडी जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने पाहिली आणि विकत मागितली. पॉवर्सने कुठल्याही किमतीला नाही म्हटलं. काही वर्षांनी हलाखीचे दिवस आले, तेव्हा ती स्वतःच गोधडी पिठाच्या स्वच्छ पोत्यात गुंडाळून घेऊन आली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. नवऱ्याशी बोलून तिने ते घेतले, एकेका चित्राचा अर्थ समजावून सांगितला आणि गेली; पण पुढे आपली गोधडी पाहायला पुन्हा पुन्हा येत राहिली. स्मिथबाईंनी लिहून ठेवलं आहे, की आपल्याकडच्या सगळ्या चिंध्या तिच्यासाठी जपून ठेवायचं वचन दिलं तेव्हा कुठे तिला थोडा दिलासा वाटला. पैशाची खरी नड असलेली ही बाई, आणि पाच डॉलरांनी जे झालं नाही ते चिंध्यांच्या वचनाने झालं. ती गोधडी आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. बॉस्टनच्या संग्रहालयात तिची दुसरी गोधडी आहे, पंधरा चौकटींची. तिच्यात बायबल आहेच, शिवाय १८३३ सालचा उल्कावर्षाव आहे, १८९५ सालचा हाडं गोठवणारा एक गुरुवार आहे आणि जॉर्जियापासून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळालेली एक डुकरीण आहे. कापड वाया जाऊ नये म्हणून कुणी डुकरिणीला पाचशे मैल पळवत नाही.

तेव्हा वाढदिवसाला काय द्यावं याचं उत्तर स्मिथबाईंनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवलेलं आहे. आपल्या घरातलं जुनेर आणि कात्रणं धुऊन, वाळवून, पिशवीत घालून द्यावीत. इस्त्री करू नये, ती तिला स्वतः करायची असते. बटणं काढून घेऊ नयेत, त्यांची वेगळी बरणी असते. मैत्रिणींनी एकेक चौकोन शिवून द्यावा अशी रीत १८४० च्या दशकात बाल्टिमोरकडे जोरात होती, तीही चांगली. प्रत्येकीचा चौकोन वेगळ्या मापाचा येतो, सगळे एकसारखे करताना कडा कापाव्या लागतात, आणि त्या कडा म्हणजे भेटीवर भेट. पिशवी देताना ‘तुझ्याकडे आधीच एवढं आहे’ हे वाक्य टाळावं. आणि काहीही झालं तरी ब्लाऊजपीस देऊ नये. घडीवर हळदीचं बोट दिसलं की ती ओळखते. मागच्या चैत्रात तिनेच तो तुम्हाला दिलेला असतो.